रॉड दीड हजार वॅटचा, काम साडेनऊशेचं: व्होल्ट आणि अँपिअरवरून रोध आणि वॅट कसे काढायचे

दर थंडीत गावी गेलो की काकूच्या तक्रारींची यादी तयार असते. यंदा पहिल्या नंबरावर पाणी तापवायचा रॉड होता. "दीड हजार वॅटचा म्हणून आणला, आणि बादलीभर पाण्याला अर्धा तास घेतो. दुकानदारानं गंडवलं बघ." दुसरी गोष्ट तिनं सांगितली नाही, ती मला नाकानं कळली. एक्स्टेंशनच्या प्लगला जळका वास येत होता आणि पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहा सांडल्यासारखं तपकिरी झालं होतं.

दुकानदारानं गंडवलं नव्हतं. हे कसं कळलं आणि जळक्या वासामागे काय होतं, ते शोधायला दहावीच्या पुस्तकातली दोन सूत्रं आणि मोजणारे दोन मीटर, मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर, पुरले. पुढचा सगळा लेख त्याच वाटेनं जातो. गुणाकार-भागाकार येत असेल तर बाकी काही लागत नाही. मात्र घरातल्या २३० व्होल्टला हात घालण्याआधी बॅटरीवरची पायरी गाळू नका.

चार शब्द, दोन सूत्रं

पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युत शक्ती असे शब्द असतात. वायरमन त्यांनाच व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि लोड म्हणतो. मी इथे व्होल्टेज, करंट, रोध आणि पॉवर असं सरमिसळ बोलणार आहे, कारण घरात आपण तसंच बोलतो. व्होल्टेज व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि पॉवर वॅटमध्ये. मल्टिमीटरवर ओहमची खूण घोड्याच्या नालेसारखी दिसते.

रोध = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर = व्होल्टेज × करंट

एवढंच. व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे हातात आले की भागाकारानं रोध मिळतो, गुणाकारानं वॅट. ही दोन सूत्रं एकमेकांत घातली की आणखी दोन निघतात:

पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध
पॉवर = करंट × करंट × रोध

ही खालची दोन पाठ करू नका, लागतील तेव्हा वरच्यांवरून काढा. ती एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं वाटायची एक वेळ येते आणि नवशिके तिथेच अडखळतात. प्लगपाशी पोचलो की तो गुंता सोडवू.

आधी बॅटरीवर हात बसवा

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. रेझिस्टरवर तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी असे पट्टे असतात. सोनेरी पट्टा म्हणजे लिहिलेल्या आकड्याच्या ५ टक्के इकडेतिकडे.

मल्टिमीटर डीसी (म्हणजे बॅटरीच्या) व्होल्टवर ठेवून त्याचे प्रोब, म्हणजे वायरींची टोकदार टोकं, रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. मला ९.२ व्होल्ट मिळाले. करंट मोजताना मात्र मीटर मधोमध बसवावा लागतो: वायर एका जागी सोडवायची आणि त्या फटीत मीटर घालायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच वाहील. आकडा आला ९.३ मिलीअँपिअर.

इथे पहिला घोळ होतो. ९.२ भागिले ९.३ केलं की साधारण १ येतो आणि माणूस लिहितो '१ ओहम'. मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, त्यामुळे ९.३ मिलीअँपिअर म्हणजे ०.००९३ अँपिअर. ९.२ ÷ ०.००९३ = ९८९ ओहम. हजारापासून सव्वा टक्क्याच्या आत, म्हणजे सोनेरी पट्ट्यानं शब्द पाळला. शून्यांचा कंटाळा असेल तर एक सोय आहे: व्होल्टला मिलीअँपिअरनं भागलं की उत्तर थेट किलोओहममध्ये मिळतं.

पॉवर ९.२ × ०.००९३ = ०.०८६ वॅट. बाजारातला साधा रेझिस्टर पाव वॅटचा असतो, त्याला हे सहज झेपतं. तोच प्रयोग १०० ओहमचा रेझिस्टर लावून केलात तर ९ चा वर्ग ८१, भागिले १००, म्हणजे ०.८१ वॅट. पाव वॅटवाला रेझिस्टर बोटाला चटका देईल. मुद्दाम करून बघायचं असेल तर चिमट्यात धरून करा.

ज्याच्या नावानं ओहम आहे तो गेऑर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवायचा. व्होल्टाच्या बॅटरीवर प्रयोग करताना त्याची एकच अडचण होती: मोजमाप चालू असतानाच बॅटरी ढिली पडायची, आणि आकडे जुळायचे नाहीत. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवल्यावरून त्यानं बॅटरी सोडली आणि बिस्मथ-तांब्याची जोडणी वापरली, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमान ठरलेलं, म्हणून व्होल्टेजही ठरलेलं. १८२७ साली त्याचा नियम पुस्तकरूपानं आला. हे सांगायचं कारण असं, की काकूच्या घरी माझीही तीच अडचण झाली. सकाळी सातला बघता बघता व्होल्टेज चार-पाच व्होल्टनी हलत होतं. व्होल्ट आत्ता मोजले आणि अँपिअर चहा पिऊन आल्यावर, असं केलं की हिशेब चुकलाच. दोन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत.

रॉडवरची पट्टी काय सांगते

रॉडच्या मुठीवर छापलं होतं: १५०० वॅट, २३० व्होल्ट. यातला दुसरा आकडा कोणी वाचत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. १५०० वॅट हा रॉडचा स्वभाव नाही. २३० व्होल्ट मिळाले तरच तो १५०० वॅट देणार. रॉडचा खरा स्वभाव म्हणजे त्याचा रोध, आणि तो पट्टीवर छापत नाहीत. आपण काढू.

करंट = १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर
रोध = २३० × २३० ÷ १५०० = ५२,९०० ÷ १५०० = ३५.३ ओहम

यातून वाटेत एक फुकटची माहिती मिळाली. आपल्याकडचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे असतात. ६.५ अँपिअर लहान सॉकेटच्या वर जातात. काकूच्या घरी रॉडची मोठी पिन आणि लहान पिनेचं एक्स्टेंशन यांच्यात तो 'कन्व्हर्टर' नावाचा चौकोनी तुकडा बसवलेला होता. महाराष्ट्रात तो प्रत्येक दुसऱ्या घरात सापडतो आणि माझ्या मते विकायलाच नको.

गार रॉडचा रोध मोजणे

रॉड प्लगमधून पूर्ण बाहेर काढा. स्विच बंद करून भागत नाही, पिनच बाहेर. मल्टिमीटर ओहमवर, सर्वांत खालच्या रेंजवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा. शून्य येईल असं वाटतं, पण माझ्या मीटरवर ०.४ येतात. तो प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रोध. मग प्रोब प्लगच्या दोन सारख्या पिनांना लावा, वरच्या जाड अर्थच्या पिनेला नाही. आकडा आला ३५.६. त्यातून ०.४ वजा, ३५.२ ओहम.

पट्टीवरून ३५.३, मीटरवरून ३५.२. दुकानदार निर्दोष सुटला. काकूला मी हे सांगितलं, तिचा विश्वास बसला नाही.

मीटरनं आकड्याऐवजी उघडं सर्किट दाखवलं तर कॉइल तुटली आहे. एखाद-दुसरा ओहम दाखवला तर आत शॉर्ट आहे, लावू नका. आणखी एक तपासणी जरूर करा: एक प्रोब पिनेला, दुसरा रॉडच्या धातूच्या नळीला. इथे मीटरनं काहीच दाखवता कामा नये. काही आकडा आलाच तर नळीत करंट उतरतोय असं समजा आणि रॉड भंगारात द्या. आकडा नाही आला म्हणून रॉड शंभर टक्के सुरक्षित ठरत नाही, कारण ओलाव्याची बारीक गळती साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. त्यासाठी वायरमनचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर, लागतो, आणि घरात ३० मिलीअँपिअर गळती झाली की वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, लागतो. रॉड पाण्यात असेपर्यंत त्या पाण्याला हात लावायचा नाही, आधी पिन काढायची. बादलीत बोट बुडवून पाणी तापलं का बघणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातली एक आमच्याच घरातली आहे.

चालू रॉडवर व्होल्ट आणि अँपिअर

आता २३० व्होल्टचा खेळ. मल्टिमीटरवर कॅट ३ किंवा निदान कॅट २ (ही मीटरच्या सुरक्षिततेची श्रेणी) आणि ६०० व्होल्ट असं छापलेलं असावं. प्रोबच्या वायरी चिरलेल्या नकोत. पायात चप्पल, हात कोरडे, आणि दुसरं कोणीतरी खोलीत.

सुरू करण्याआधी तांबडा प्रोब कुठल्या भोकात आहे ते बघा. मल्टिमीटरला सहसा तीन भोकं असतात: एक सामाईक, एक व्होल्ट-ओहमचं, एक १० अँपिअरचं. १० अँपिअरच्या भोकात मीटर म्हणजे नुसती जाड तार, रोध जवळपास शून्य. तसाच तो सॉकेटमध्ये खुपसला की फेज आणि न्यूट्रल थेट जोडले जातात. कॉलेजात असताना मी हे केलं आहे. निळा भडका, एमसीबी पडला, प्रोबचं टोक वितळून मण्यासारखं गोल झालं. ते टोक अजून माझ्या हत्यारांच्या डब्यात आहे. घरच्या विजेवर करंट मोजायला म्हणूनच मल्टिमीटर मध्ये घालायचा नाही, क्लॅम्प मीटर घ्यायचा. त्याचा चिमटा वायरीभोवती नुसता अडकवायचा, वायर कुठेही सोडवायची गरज नाही.

क्लॅम्प मीटरची गंमत अशी, की अख्ख्या केबलभोवती लावला तर तो शून्य दाखवतो. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना पुसून टाकतात. चिमट्यात एकच वायर हवी. मी यासाठी एक आखूड एक्स्टेंशन करून ठेवलंय, ज्याची फक्त बाहेरची जाड साल काढली आहे. आतल्या तिन्ही वायरींचं आपापलं आवरण शाबूत आहे.

रॉड बादलीत नीट बुडवून, सगळी जोडणी झाल्यावर मग स्विच. व्होल्टेज मी तीन वेळा मोजलं. रॉड सुरू करण्याआधी भिंतीवरच्या बोर्डात १९६. रॉड सुरू असताना त्याच बोर्डातल्या शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये १९१. आणि एक्स्टेंशनच्या दुसऱ्या टोकाला, रॉडच्या शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये १८४. त्याच वेळी क्लॅम्प मीटरवर ५.२ अँपिअर. दहावीतला पुतण्या वहीत आकडे लिहीत होता, त्यामुळे दोन्ही मीटर एकदम वाचता आले.

रोध = १८४ ÷ ५.२ = ३५.४ ओहम
पॉवर = १८४ × ५.२ = ९५७ वॅट

रोध पुन्हा तोच. गार असताना ३५.२, तापलेल्या कॉइलवर ३५.४. रॉडमधली नायक्रोमची तार तापली तरी रोध फारसा बदलत नाही, म्हणून गिझर, रॉड, इस्त्री यांच्यावर गार मोजणी चालते. पॉवर मात्र दीड हजाराची साडेनऊशे झाली. काकूचा संशय खरा होता, आरोपी चुकला होता.

१८४ व्होल्ट म्हणजे २३० च्या बरोबर ८० टक्के. तरी पॉवर ८० टक्के राहिली नाही, ६४ टक्के झाली. व्होल्टेज घटलं की करंटही त्याच प्रमाणात घटतो, आणि वॅट हा दोघांचा गुणाकार आहे: ०.८ × ०.८ = ०.६४. हे एकदा मनात बसलं की व्होल्टेजचा आकडा ऐकूनच गिझर किती रडणार ते सांगता येतं.

पाण्याचा हिशेब लावून बघू. १५ लिटरची बादली, २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला ४,१८६ ज्यूल लागतात. १५ × २५ × ४,१८६ म्हणजे सुमारे १५ लाख ७० हजार ज्यूल. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. १५०० वॅटनं भागलं तर साडेसतरा मिनिटं, ९५७ नं भागलं तर सव्वासत्तावीस. बादलीतून उडून जाणारी उष्णता धरली की काकूचा अर्धा तास भरतो.

बिलाचं काय? एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्यामुळे दोन्ही वेळा पाण्यासाठी ०.४४ युनिटच लागतं. 'व्होल्टेज कमी असलं की बिल जास्त येतं' हे आमच्या गावात छातीठोकपणे सांगतात. रॉडच्या बाबतीत ते खरं नाही. वेळ वाढतो, वॅट कमी होतात, गुणाकार जवळपास तिथेच राहतो.

मीटरचा लाल दिवा

क्लॅम्प मीटर नसेल तरी एक युक्ती आहे. घरच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि मीटरवर 'एका युनिटला इतके ठोके' अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. काकूच्या मीटरवर ३२०० होता. १६०० वगैरेही असतात, म्हणून आपला वाचून घ्या. ३६ लाख ज्यूल भागिले ३२००, एक ठोका म्हणजे १,१२५ ज्यूल.

फ्रिज, टीव्ही, सगळं बंद केलं, फक्त रॉड सुरू ठेवला. पुतण्यानं दोन मिनिटांत १०७ ठोके मोजले. १०७ × १,१२५ ÷ १२० = १००३ वॅट.

रॉडमध्ये ९५७, मीटरवर १००३. मधले ४६ वॅट कुठे गेले? आणि आणखी एक: करंट तर वाटेत कुठे गळत नाही, मीटरपाशीही तो ५.२ अँपिअरच असणार. मग १००३ ÷ ५.२ = १९३ व्होल्ट. मीटरच्या खोक्याला हातही न लावता तिथलं व्होल्टेज कळलं. मीटरपाशी १९३, बोर्डात १९१, रॉडपाशी १८४. घरातल्या वायरिंगनं २ व्होल्ट खाल्ले आणि एकट्या एक्स्टेंशननं ७.

जळका प्लग

एक्स्टेंशनवर ७ व्होल्ट पडतात आणि त्यातून ५.२ अँपिअर जातात. तेच पहिलं सूत्र: ७ ÷ ५.२ = १.३५ ओहम.

हे जास्त की कमी? एक्स्टेंशनची वायर १० मीटर, जाडी ०.७५ चौरस मिलिमीटर. अशा तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण २६ ओहम असतो. करंट जाऊन परत येतो, म्हणून २० मीटर धरायचे, हा परतीचा प्रवास हमखास विसरला जातो. २० × ०.०२६ = ०.५२ ओहम. मोजलेले १.३५, वायरीचे ०.५२, उरलेले ०.८३ ओहम वायरीत नाहीत. ते प्लगच्या पिनेत, ढिल्या पडलेल्या पितळी पट्टीत आणि काळ्या झालेल्या स्क्रूखाली आहेत.

०.८३ ओहम ऐकायला किरकोळ. आता पॉवर काढा: ५.२ × ५.२ × ०.८३ = २२.४ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. काकूच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये रोज सकाळी अर्धा तास जवळजवळ एक सोल्डरिंगची इस्त्री खुपसून ठेवलेली होती. प्लास्टिक तपकिरी होईल नाहीतर काय.

पुतण्याचा प्रश्न इथे आला, आणि चांगला होता. "काका, मगाशी तुम्ही म्हणालात रोध कमी तितके वॅट जास्त. गिझरचा रोध रॉडपेक्षा कमी, म्हणून तो जास्त तापतो. आता म्हणताय पिनेचा रोध वाढला म्हणून ती तापली. खरं काय?"

दोन्ही खरं. आधी विचारायचं, जागचं हलत नाही ते कोण? घरातल्या दोन वायरींमध्ये उपकरण जोडलं की त्याच्या वाट्याचं व्होल्टेज बाहेरून ठरलेलं असतं, मग ते कितीही वॅटचं असो. तिथे व्होल्टेजच्या वर्गाला रोधानं भागायचं: रोध कमी, वॅट जास्त. २००० वॅटच्या गिझरचा रोध २६.५ ओहम, रॉडचा ३५.३, म्हणून गिझर वरचढ. प्लगची पिन मात्र रॉडच्या रांगेत उभी आहे. तिच्यातून किती करंट जाणार हे रॉडचे ३५ ओहम ठरवतात, पिनेच्या पाऊण-एक ओहमनं त्यात फारसा फरक पडत नाही. करंट ठरलेला, म्हणून तिथे करंटच्या वर्गाला रोधानं गुणायचं: रोध जास्त, चटका जास्त. तारेतली उष्णता करंटच्या वर्गावर चालते हे जेम्स ज्यूलनं १८४१ साली मोजून दाखवलं. त्या वर्गामुळेच ढिला प्लग मोबाईल चार्जरला वर्षानुवर्षं चालतो आणि रॉड लावला की आठवड्यात जळतो.

सूत्र कुठे फसतं

हा हिशेब तापणाऱ्या साध्या तारेचा आहे. पिवळा जुना बल्बसुद्धा तार आहे, पण टंगस्टनची. १०० वॅटच्या बल्बचा रोध सूत्रानं ५२९ ओहम येतो, गार बल्ब मीटरनं मोजलात तर चाळीसच्या आसपास दिसेल. सूत्र खोटं नाही, तार अडीच हजार अंशांच्या वर तापल्यावर तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. असे बल्ब स्विच दाबण्याच्या क्षणीच उडतात, त्याला हा गार असतानाचा कमी रोधही कारणीभूत असतो.

पंखा, मिक्सर, पंप आणि एलईडी दिवे यांच्यावर व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट नाहीत, व्हीए (नुसते व्होल्ट-अँपिअर) मिळतात. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरनं, म्हणजे त्यातला जितका भाग खरा वापरला जातो त्यानं, गुणावं लागतं. ९ वॅटच्या स्वस्त एलईडीवर मला ०.०७८ अँपिअर मिळाले, २३० नं गुणलं तर १८. दिवा दुप्पट वीज खातोय असं नव्हे, त्याचा पॉवर फॅक्टर ०.५ आहे, आणि घरगुती मीटर वॅटच मोजतो. लाल दिव्याचे ठोके मोजायची युक्ती अशा ठिकाणी क्लॅम्प मीटरपेक्षा खरी ठरते. मोटरच्या गुंडाळीचा रोध ओहमवर मोजून करंट काढायला तर जाऊच नका, भलताच आकडा येईल. शेतातला पंप रॉडच्या उलट वागतो: व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी ओढायला तो जास्त करंट घेतो आणि तापतो.

नवं एक्स्टेंशन

तालुक्याहून दीड चौरस मिलिमीटरची तीन पदरी वायर, १६ अँपिअरची पिन आणि तसंच सॉकेट आणलं. कन्व्हर्टर फेकला. भिंतीवरचं सॉकेट वायरमनकडून बदलून मोठं करून घेतलं, कारण आतली पितळी पट्टीही भाजली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा तेच मोजमाप. रॉड लावण्याआधी १९६ च, रॉडपाशी आता १८९.५, करंट ५.३७. गुणाकार १०१८ वॅट.

९५७ चे १०१८, म्हणजे बादलीमागे दीड-पावणेदोन मिनिटांची बचत. मूळ दुखणं डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, घरापर्यंतच्या लांबलचक तारांचं आहे. सकाळी सातला अख्ख्या आळीचे रॉड आणि गिझर एकदम लागतात आणि २३० चे १९६ होतात. दुपारी दोनला त्याच बोर्डात मला २२८ मिळाले होते.

काकूला म्हटलं, दुपारी पाणी तापव, वीसेक मिनिटांत होईल. "दुपारी आंघोळ तुझा काका करणारे का?" मग ती उठून रॉड चालू असतानाच प्लगला हात लावून आली आणि म्हणाली, गार आहे.